पिकॅनचं ‘ड्राय वेट’

“मॅम, यातल्या कुठल्या खुर्चीजवळचा प्लग चालतो?”

पिकॅन माझ्याशी बोलली ते पहिलं वाक्य हे. डायलिसिसला पहिल्यांदा आलेला माणूस विचारतो, दुखेल का, किती वेळ लागेल, हे असं किती वर्षं चालणार. ही दारात उभी होती. सव्वीस वर्षांची, अंगाने बारीक, डोक्याला जांभळा रुमाल आणि काखेत फुलाफुलांचा उशीचा अभ्रा. आमच्या हॉलमध्ये थंडी फार असते, म्हणून बहुतेक जण ब्लँकेट आणतात. तिच्या अभ्र्यातही ब्लँकेट होतं, पण त्यात गुंडाळलेला एक लॅपटॉप होता, मोठे हेडफोन होते, आणि शाळेच्या पाटीएवढी एक चपटी वस्तू होती. तिच्यावर सोळा रबरी चौकोन.

“खिडकीजवळचा चालतो,” मी म्हटलं. “पण तिथे ऊन येतं.”

“ऊन चालेल, मॅम. बॅटरी संपलेली नाही चालणार.”

त्या दिवसापासून जवळजवळ तीन वर्षं, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेदहा ते अडीच, खिडकीजवळची खुर्ची तिची झाली.

मी मूळची नागपूरची. नर्सिंग तिथेच केलं, काही वर्षं आखातात काढली, आणि नवऱ्याला इथल्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा जॉर्जियातल्या ऑलबेनीला आले. अटलांटाच्या दक्षिणेला तीन तासांवर हे गाव. गावाबाहेर पडलं की मैलच्या मैल पिकॅनच्या बागा. पिकॅन म्हणजे अक्रोडाच्या जातीचंच, पण जरा लांबट आणि गोडसर. या मुलीचं खरं नाव केओना. जन्मली तेव्हा इतकीशी आणि तपकिरी होती की आजीने तिला पिकॅन म्हणायला सुरुवात केली, आणि पुढे रॅप करायला लागल्यावर तिने तेच नाव घेतलं. किडनीच्या पेशंटला पिकॅन खायला बंदी असते. आहारतज्ज्ञ बाईंनी वर्ज्य पदार्थांची यादी तिच्यापुढे धरली, तेव्हा तिने त्यात आपलं नाव शोधून काढलं आणि म्हणाली, “म्हणजे मी मलाच चालत नाही.”

पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नाही हा आमच्या कामातला पहिला नियम. तरी हे लिहिते आहे, कारण तिच्या आजीने, मिस अर्लीननी, मला सांगितलं. “लिही तू,” त्या म्हणाल्या. “पेपरात आलं ते सगळं गाण्यांबद्दल आलं. ती कशी होती ते कुणी लिहिलं नाही.”

तिला ल्युपस होता. शरीर आपल्याच अवयवांवर उलटतं असा तो आजार. सव्विसाव्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी ऑपरेशन करून एकमेकींना जोडतात, त्याला फिश्चुला म्हणतात. दर वेळी त्यात दोन जाड सुया घालायच्या, एकीतून रक्त बाहेर, मशीनमधून साफ होऊन दुसरीतून आत. हा फिश्चुला शक्यतो ज्या हाताने आपण काम करत नाही त्या हातात करतात. पिकॅन डावखुरी. उजव्या हातात केलेला पहिला फिश्चुला गुठळी होऊन बंद पडला, म्हणून दुसरा डाव्यात करावा लागला. म्हणजे आमच्याकडचे चार तास तिचा कामाचा हात खिळ्याने ठोकून ठेवल्यासारखा खुर्चीच्या हातावर पडलेला असायचा. हलवला की मशीन ओरडायचं.

तिने उजवा हात शिकवला. ती सोळा रबरी चौकोनांची पाटी मांडीवर घ्यायची आणि उजव्या हाताच्या पाच बोटांनी त्यावर ताल वाजवायची. एका चौकोनात ढोल, एकात टाळी, एकात बेस. बाहेर काहीच ऐकू यायचं नाही, नुसती रबरावर पडणारी बोटं. सुरुवातीला ती फार चुकायची. एकदा मी पाहिलं, तिने एकच चार ठोक्यांचा तुकडा जवळजवळ तासभर वाजवला. शेवटी हेडफोन काढून म्हणाली, “मिस वी, माझा उजवा हात गोऱ्या माणसाचा आहे. त्याला ठेका कळत नाही.” आणि स्वतःच इतकी हसली की मशीन ओरडायला लागलं.

माझं नाव विशाखा. इथे दक्षिणेत मोठ्या बायकांना नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात. मी तिची ‘मिस वी’.

तिच्या काही खास सवयी होत्या. प्रत्येक मशीनची घंटी तिला सुरावरून ओळखू यायची. मी पाठमोरी असले तरी सांगायची, “तिकडचं नाही, भिंतीजवळचं रडतंय.” दिवसाला जेमतेम एक लिटर पाणी प्यायची परवानगी. म्हणून बर्फाचा एक खडा गालात ठेवायची आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत कुणाशी बोलायची नाही, कुणी काही विचारलं तर बोट वर करायची. डॉक्टर आत येताना सवयीने “आज आपण कशा आहोत?” असं म्हणायचे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, “तुम्ही बरे दिसताय. माझं विचारा.” आणि जाताना, कितीही गळून गेलेली असली तरी, आपली खुर्ची स्वतः पुसायची. ते आमचं काम होतं. तिला सांगूनही ऐकायची नाही. “आजी बघत असते,” म्हणायची. आजी तर तेव्हा घरी असायची.

तिचा पहिला पूर्ण अल्बम ती करत होती. सुटी गाणी आधी दोन-तीन आली होती, पण ती मला माहीत नव्हती. ते मला माझ्या मुलीने सांगितलं. सुजाता तेव्हा चौदा वर्षांची. शाळेतून आणताना तिने गाडीत गाणं लावलं आणि मी सिग्नल हिरवा झाला तरी थांबून राहिले. तो आवाज मी सकाळपासून ऐकत होते.

“हे कोण गं?” मी उगाच विचारलं.

“पिकॅन. आई, शी इज फ्रॉम हिअर! फ्रॉम ऑलबेनी! एव्हरीबडी इज ऑब्सेस्ड.”

“बरी गाते.”

“शी डझन्ट सिंग, आई. शी रॅप्स. अँड शी मेक्स ऑल द बीट्स हरसेल्फ.”

मला माहीत आहे, कुठे बसून करते तेही माहीत आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण नियम म्हणजे नियम. मी गाडी चालवत राहिले. बुधवारी पिकॅनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “सांगा ना तिला. माझी परवानगी आहे. सांगा, तुझी आई सुई घालते तेव्हा कळत पण नाही.” घरी जाऊन सांगितल्यावर सुजाता माझ्याकडे असं बघायला लागली की मला वाटलं, ही आपल्याला पहिल्यांदाच बघते आहे.

अल्बमचं नाव तिने आमच्याच कामाच्या भाषेतून घेतलं होतं. ‘ड्राय वेट’. शरीरात साठलेलं जास्तीचं पाणी काढल्यावर माणसाचं जे खरं वजन उरतं त्याला आम्ही ड्राय वेट म्हणतो. प्रत्येकाचं ठरलेलं असतं, फाइलवर लिहिलेलं असतं. तिचं एकोणपन्नास किलो होतं.

त्या सुमारास अटलांटाच्या एका संगीत कंपनीचा माणूस तिला भेटायला आला. पांढरे स्वच्छ बूट, अदबीने बोलणारा. तिला बाहेर वेळ नव्हता म्हणून तिने त्याला आमच्याकडेच बोलावलं होतं. तो स्टुलावर बसला. नळ्यांमधून जाणारं रक्त दिसू नये म्हणून तो सगळा वेळ तिच्या कपाळाकडे बघून बोलत होता.

“तुझा आवाज, तुझे शब्द, आम्हाला सगळं आवडलंय,” तो म्हणाला. “फक्त बीट्स आमचा माणूस नव्याने करेल.”

“यात काय कमी आहे?”

“कमी काही नाही. जरा घरगुती वाटतात.”

“घरीच केलेत.”

“तुझ्या तब्येतीचाही विचार आहे यात. तुला इतकं काम पडणार नाही.”

पिकॅनने बर्फाचा खडा तोंडात टाकला आणि बोट वर केलं. तो माणूस थांबला. तो खडा विरघळेपर्यंत थांबला, बिचारा. मग ती म्हणाली, “सर, हा अल्बम मी पायाने केलेला नाही. एका हाताने केलाय. त्याच्यावर ‘प्रोड्यूस्ड बाय’च्या पुढे एकच नाव येणार.”

निघताना त्याला घेरी आली. पेशंटसाठी ठेवलेला सफरचंदाचा रस मी त्याला पाजला. तो गेल्यावर मी तिला म्हटलं, जरा विचार करायला हवा होतास. ती म्हणाली, “ते माझा आवाज ठेवतील आणि मला काढून टाकतील, मिस वी. इथे मशीनही तेच करतं, पण निदान सगळं परत आत घालतं.”

फिश्चुला नीट चालतो आहे का हे बघायला आम्ही रोज त्यावर स्टेथोस्कोप ठेवतो. आत रक्त जोरात वाहत असतं, त्याचा घूं, घूं असा आवाज येतो. एक दिवस तिने मला तो ऐकवायला सांगितलं. कानात घालून ती कितीतरी वेळ बसली. शुक्रवारी येताना एक बारीक मायक्रोफोन घेऊन आली, तो स्टेथोस्कोपच्या नळीत बसवला आणि म्हणाली, “पाच मिनिटं हात हलवू नका.” सुया घालायच्या आधी पाच मिनिटं मी तिच्या दंडावर स्टेथोस्कोप धरून उभी राहिले. आमची मुख्य नर्स लांबून घड्याळ दाखवत होती. अल्बमच्या तिसऱ्या गाण्यात खाली जो सतत घुमणारा बेस आहे, जो गाडीत लावला की दारं थरथरतात, तो तिचा डावा हात आहे.

शेजारच्या खुर्चीवर मिस्टर लेनर्ड बसायचे. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर शाळेची बस चालवलेली, चर्चमध्ये मानाची जागा. रॅपचं नाव काढलं की ते तोंड कडू करायचे. “हा गोंगाट ऐकून माझी किडनी गेली,” म्हणायचे. पिकॅन महिनाभर त्यांच्या मागे लागली. शेवटी त्यांनी हेडफोन लावून एक गाणं ऐकलं, डोळे मिटून, हात पोटावर ठेवून.

“शिव्या किती आहेत यात?” त्यांनी विचारलं.

“अकरा होत्या, सर. तुमच्यासाठी चार काढल्यात.”

“आणखी दोन काढ. मग ताल चांगला आहे असं म्हणेन.”

तिने दोन काढल्या. आणि बदल्यात त्यांच्याच आवाजात एक वाक्य रेकॉर्ड करून घेतलं. चाळीस वर्षं मुलांना बसमध्ये ते जे ओरडून सांगायचे तेच: “बसा सगळे! मी निघतोय!” हेच अल्बमचं पहिलं वाक्य.

त्या दोघांच्या मधे मी उभी असताना एकदा पिकॅनने मला विचारलं की तुम्ही लहान होतात तेव्हा तुमच्या गल्लीत कसली गाणी वाजायची. मी सांगितलं, एप्रिल आला की वस्तीत भोंगे लागायचे, भीमगीतं वाजायची, माझे बाबा टाळ्या वाजवत मागे म्हणायचे. तिने आग्रहच धरला म्हणून मी दोन ओळी हळू म्हटल्या. तिची बोटं लगेच रबरावर पडायला लागली. मिस्टर लेनर्डनी विचारलं, “हे तुमच्या चर्चमधलं का?”

“नाही. जुन्या काळी देवळात आमच्या लोकांना घेतच नव्हते. मग आम्ही तो धर्मच सोडला.”

“मागच्या दाराने तरी घेत असतील?”

“मागच्या दारानेही नाही.”

ते म्हणाले, “इथल्या सिनेमाला आम्हा काळ्यांसाठी मागून जिना होता.” पिकॅनने हेडफोन काढून गळ्यात घेतले होते. ती दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

मार्चमध्ये मिस्टर लेनर्ड गेले. शनिवारी गेले, आणि सोमवारी त्यांच्या खुर्चीवर एक दुसरे गृहस्थ होते. आमच्याकडे खुर्चीसाठी वाट बघणाऱ्यांची यादी असते, खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. पिकॅन आत आली, तिने तिकडे बघितलं, आणि त्या दिवशी अभ्र्यातून लॅपटॉप काढला नाही. अडीच वाजता उठताना एवढंच म्हणाली, “एक दिवस तरी गार होऊ द्यायची ती खुर्ची.”

आता जे सांगायचं आहे त्यात मीही आहे, म्हणून जरा जड जातं.

किडनी बदलण्याच्या यादीत तिचं नाव होतं. दोन वर्षं होत आली होती. यादीत टिकून राहायचं तर डायलिसिसचा एकही दिवस चुकवायचा नाही. जो चुकवतो तो नवी किडनी सांभाळणार नाही, असं तिथले लोक धरतात. आणि ऑक्टोबरमध्ये तिला एक दौरा मिळाला. एका नावाजलेल्या कलाकाराच्या कार्यक्रमाआधी वीस मिनिटं. दहा दिवसांत सात शहरं, सगळी दक्षिणेतली.

मी आणि आमच्याकडच्या सोशल वर्कर बाई, दोघींनी मिळून त्या-त्या शहरांतल्या सेंटरना फोन केले. पाहुणी पेशंट म्हणून एक दिवसाची खुर्ची मिळेल का? कुणी कागद मागितले, कुणी महिन्याची मुदत मागितली. दोन ठिकाणी होकार आला. बुधवार आणि शुक्रवार, डायलिसिसच्या लागोपाठच्या दोन वेळा, काहीच जमलं नाही.

“पिकॅन, जाऊ नकोस,” मी म्हटलं. “अर्धाच दौरा कर.”

“अर्धा दौरा कुणी देत नाही, मॅम.”

“पुढच्या वर्षी दुसरा मिळेल.”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहान मुलाकडे बघावं तसं. “मिस वी, इथे बसून मी काय करते? मी फक्त मरत नाही, एवढंच करते. एकदा दुसरं काहीतरी करून बघू द्या.”

ती गेली. सुजाता तिचे व्हिडिओ बघत होती, मलाही दाखवत होती. मेम्फिसमध्ये एका ओळीसाठी तिने माइक लोकांकडे वळवला आणि हजार तोंडांनी ती ओळ म्हटली. मी व्हिडिओत तिचे घोटे बघत होते. सुजलेले होते. शेवटच्या व्हिडिओत चेहराही सुजला होता. सुजाता म्हणाली, “शी लुक्स सो हॅपी.” तेही खरं होतं.

सोमवारी ती परत आली तेव्हा तिला व्हॅनमधून दोघांनी धरून उतरवलं. ड्राय वेटपेक्षा साडेसहा किलो जास्त. फुप्फुसांत पाणी. मी मशीन लावलं आणि मग फाइल उघडली. बुधवार: गैरहजर. शुक्रवार: गैरहजर. त्या दोन नोंदी मी केल्या. हातात पेन नव्हतं, कळफलक होता, दोन क्लिकचं काम. ती फाइल दर महिन्याला यादीवाल्यांकडे जाते हे मला माहीत होतं.

तीन आठवड्यांनी तिला पत्र आलं. यादीतलं तिचं स्थान तूर्त स्थगित. सहा महिने नियमित हजेरी दिसली तर फेरविचार. तिने ते पत्र मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि घडी घालून तिला परत दिलं.

“दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तरी हेच झालं असतं,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलंत, म्हणजे निदान माझं नाव तरी नीट लिहिलं असेल.”

मी आजही ठरवू शकलेले नाही, की तिने मला माफ केलं होतं की चिमटा काढला होता. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “यार विशाखा, तू खोटं लिहिलं असतंस तर लायसन्स गेलं असतं.” मला ते माहीत होतं. मी त्याला ते विचारलंच नव्हतं.

त्यानंतर तिने एकही दिवस चुकवला नाही. ताप असताना आली, वादळाचा इशारा असताना आली. फेब्रुवारीत एका शुक्रवारी ‘ड्राय वेट’ बाहेर पडला, तेव्हाही ती सुया लावून खुर्चीत होती. हॉलमधल्या आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनवर तो एकाच वेळी लावला, आणि मागेपुढे, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून मिस्टर लेनर्ड ओरडले, “बसा सगळे! मी निघतोय!” पिकॅनने ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं. ती हसते आहे असं मला वाटलं होतं.

अल्बम चालला. खूप चालला. दक्षिणेतला पुढचा मोठा आवाज, असं कुणी कुणी लिहिलं. मुलाखतींसाठी फोन आले, उन्हाळ्यात अटलांटातल्या मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. आणि सहा महिने पुरे व्हायला महिना राहिला असताना तिच्या हृदयाची तपासणी झाली. दौऱ्याच्या त्या एका आठवड्यात जे पाणी साठलं, त्याचा आणि आधीपासूनच्या आजाराचा मिळून ताण हृदयावर आला होता. ते फार थोडं काम करत होतं. अशा हृदयावर किडनीचं ऑपरेशन करत नाहीत. दुसरं पत्र आलं. ते एकाच परिच्छेदाचं होतं.

त्यानंतर रक्तदाब इतका खाली राहायला लागला की डाव्या हातातला फिश्चुलाही बंद पडला. छातीत, गळ्याच्या जरा खाली, नळी बसवली. तिचा डावा हात मोकळा झाला. मला वाटलं, आता दोन्ही हातांनी वाजवेल. तिने पाटी मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि तशीच झोपून गेली.

जूनमध्ये एकदा ती महोत्सवासाठी म्हणून स्वतःचंच गाणं पुटपुटत होती. तिसऱ्या गाण्यात सोळा ओळी एका दमात आहेत. चौथ्या ओळीला ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चौथीला थांबली. मी ऑक्सिजन वाढवायला गेले तर तिने मान हलवली.

“त्या अल्बमवर जी बाई आहे ना, मिस वी,” ती म्हणाली, “तिचा दम माझ्याकडे नाही.”

महोत्सवाला ती गेली नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी, मिस अर्लीन चर्चला जायला तयार होऊन तिला उठवायला गेल्या, तेव्हा ती गेलेली होती. अठ्ठावीस वर्षांची. सोमवारी तिच्या खुर्चीवर एक शिक्षिका बसल्या. मीच त्यांना तिथे बसवलं.

लॅपटॉप आजीकडे आहे. त्यात पुढच्या अल्बमची अर्धी गाणी आहेत, असं पिकॅन मला म्हणाली होती. पण तो उघडायचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. अटलांटाहून त्या कंपनीचे फोन येतात. मिस अर्लीन उचलत नाहीत. सुजाताने काही दिवस खोलीत ती गाणी लावली, मग लावेनाशी झाली. मी विचारलं तर म्हणाली, “इट्स टू मच, आई.”

मी पिकॅनला शेवटचं पाहिलं ते ती जाण्याआधीच्या शुक्रवारी. तिचं आटोपलं होतं, घरी नेणारी व्हॅन यायची होती, म्हणून मी तिला धरून बाहेर पोर्चमध्ये आणलं. ऊन रणरणत होतं. ती खांबाला टेकून उभी राहिली. तेवढ्यात एका गाडीतून एक पन्नाशीची बाई उतरली. हातात फाइल, डोळे रडून लाल झालेले. त्या दिवशी तिची आमच्याकडे पहिलीच वेळ होती. ती दाराशी आली आणि थबकली.

“तू पिकॅन ना?”

पिकॅन खांबापासून बाजूला झाली. सरळ उभी राहिली. शर्टाची कॉलर वर ओढून तिने छातीवरची पट्टी झाकली.

“येस, मॅम.”

“माझा मुलगा वेडा आहे तुझ्यासाठी. तूही इथे येतेस?”

“येते ना. इथली मंडळी चांगली आहेत. काळजी करू नका, मॅम, सवय होते.”

बाईने फोन काढला. पिकॅनने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि हसली. व्हिडिओत हसायची तसं, सगळे दात दाखवून. एक फोटो नीट आला नाही म्हणून बाईने दुसरा काढला, मग तिसरा. पिकॅन तिन्ही वेळा तशीच हसली. बाई आभार मानत, डोळे पुसत आत गेली. तिच्यामागे दार बंद झालं.

पिकॅन अजून हसत होती. समोर रस्त्याकडे बघत, ओठ न हलवता तिने मला विचारलं, “गेली का ती?”

“गेली.”

मग तिने खांब धरला, आणि खांबाला घसटत, हळूहळू, खाली फरशीवर बसली. डोळे मिटून घेतले. मी तिच्या शेजारी बसले. व्हॅन यायला अजून वीस मिनिटं होती.